क्रिएटिव्ह इकॉनॉमीच्या यादीत सॉफ्टवेअर कसं शिरलं

क्रिएटिव्ह इकॉनॉमी म्हणजे कल्पकतेतून पैसा आणि रोजगार तयार करणारे धंदे. त्यांचा पाया म्हणजे पेटंट (शोधावरचा हक्क) आणि कॉपीराइट (लेखन, संगीत अशा निर्मितीवरचा हक्क), त्यांच्या खोलात इथे जात नाही. जुनं थोडक्यात सांगायचं तर १४७४ ला व्हेनिसमध्ये पेटंटचा कायदा झाला, १७१० ला इंग्लंडमध्ये नव्या पुस्तकाचा हक्क १४ वर्षांसाठी लेखकाकडे आला (लेखक तेव्हा हयात असेल तर आणखी १४), १८८६ ला बर्नचा करार, म्हणजे एका देशातल्या लेखकाचा हक्क करारातल्या इतर देशांनीही मानायचा. नुसत्या कल्पनेला मात्र कुठेच भाव नव्हता, आजही कॉपीराइट कल्पनेवर मिळत नाही, ती ज्या रूपात मांडली त्यावर मिळतो.

खरी गंमत १९९० नंतर. ऑस्ट्रेलियानं १९९४ च्या धोरणात सरळ म्हटलं की संस्कृतीतून पैसा तयार होतो. मग १९९८ ला ब्रिटन सरकारनं क्रिएटिव्ह धंद्यांच्या १३ क्षेत्रांची यादी काढली, जाहिरात, सिनेमा, संगीत, फॅशन, हस्तकला, अगदी अँटिक्सचा बाजारसुद्धा, आणि त्यातच सॉफ्टवेअर! म्हणजे गेम्सचं वेगळं खातं होतंच, तरी ऑफिसात वापरायचं सॉफ्टवेअरही त्यात घातलं. कारण व्याख्या अशी केली की माणसाच्या कौशल्यातून निघालेलं आणि बौद्धिक संपदेतून (पेटंट, कॉपीराइट असे हक्क) पैसा, रोजगार देऊ शकणारं ते सगळं क्रिएटिव्ह. टीका करणारे म्हणाले, आकडा फुगवायला केलंय हे. मला तरी त्यात तथ्य वाटतं, कारण २०११ ला सॉफ्टवेअरचा मोठा भाग काढला तर या क्षेत्रांचा अर्थव्यवस्थेतला वाटा जवळपास निम्म्यावर आला. २०१४ च्या नव्या हिशोबात ते परत आलं, या वेळी निकष होता की त्या धंद्यात क्रिएटिव्ह काम करणारी माणसं किती. अँटिक्स मात्र गेले ते गेलेच. हस्तकलाही वगळायचा विचार होता, त्यावर बरीच ओरड झाली.

एवढा घोळ असूनही तीच यादी थोड्याफार फरकानं बऱ्याच देशांनी उचलली. २०२१ तर क्रिएटिव्ह इकॉनॉमीचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं गेलं. दरम्यान २००७ पासून यूट्यूबवर व्हिडिओ टाकणाऱ्यांना जाहिरातीतला वाटा मिळायला लागला होता, पण तो किती ते प्लॅटफॉर्मच ठरवणार. आणि आता भांडण एआयचं. २०२३ ला हॉलिवूडचे लेखक १४८ दिवस संपावर होते, मागण्या पगाराच्याही होत्या, पण करारात हेही लिहून घेतलं की एआयनं तयार केलेला मजकूर लेखन म्हणून धरायचा नाही.