जखम भरू नये म्हणून: काचबिंदूचं ऑपरेशन आणि त्यामागून येणारी धास्ती

पुण्यात डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की लोकांना आठवतं ते मोतीबिंदूचं. सकाळी रिक्षानं जायचं, दुपारी काळा गॉगल लावून परतायचं आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक तिथी वाचून दाखवायची. काचबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाची पंचाईत होते ती यामुळे. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "काय काका, आता लख्ख दिसत असेल ना?" आणि काकांना तर आधीपेक्षाही धूसर दिसत असतं. ऑपरेशन फसलं की काय, ही शंका इथूनच डोकं वर काढते. तसं बहुतेक वेळा नसतं. हे ऑपरेशन कसं घडत गेलं ते पाहिलं, की सावरायला इतके आठवडे का लागतात हेही कळतं.

डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी सतत तयार होतं आणि बारीक जाळीतून बाहेर पडतं. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. निचरा तुंबला की दाब वाढतो आणि डोळ्यामागच्या ऑप्टिक नर्व्हचे, म्हणजे नजर मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसेचे, तंतू मरू लागतात. हाच काचबिंदू. गेलेले तंतू परत येत नाहीत. त्यामुळे दाब उतरवून उरलेली नजर राखायची, एवढंच ऑपरेशनच्या हाती असतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेही शक्य नव्हतं. हेल्महोल्ट्झनं 1851 मध्ये डोळ्याच्या आत पाहायचं उपकरण जगापुढे आणलं आणि 1857 मध्ये बर्लिनच्या अल्ब्रेख्त फॉन ग्रेफेनं आतल्या रंगीत पडद्याचा तुकडा कापून काचबिंदूचा अचानक येणारा, असह्य दुखणारा झटका थांबवता येतो हे दाखवलं. न दुखता हळूहळू नजर खाणाऱ्या प्रकाराला मात्र त्याचा फारसा उपयोग नव्हता. 1876 मध्ये लुडविग लाकर या डॉक्टरनं दाब उतरवणारे थेंब पुढे आणले. त्याला स्वतःलाच काचबिंदू होता आणि पुढे त्याच्याही डोळ्यांवर ऑपरेशन झालं. डॉक्टरलाही भीती वाटत असेल का, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे सांगितलं.

पुढची मोठी घटना आपल्याच देशातली आहे. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात रॉबर्ट हेन्री एलियट नावाचे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर होते. त्यांनी 1909 च्या सुमारास बुबुळाच्या कडेला, पांढऱ्या भागाच्या सीमेवर, पोकळ गोल पात्यानं जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचं आरपार भोक पाडायला सुरुवात केली. आतलं पाणी त्यातून वरच्या पातळ आवरणाखाली जमायचं आणि तिथे शोषलं जायचं. ही पद्धत मद्रासहून जगभर गेली. पण आरपार भोकाला तोटी नसते. कधी पाणी इतकं वाहून जायचं की डोळा मऊ पडायचा. कधी वरचं आवरण विरळ होऊन काही वर्षांनी आत जंतुसंसर्ग व्हायचा. "काचबिंदूचं ऑपरेशन नको रे बाबा" असं म्हणणारी आजची आजी एलियटना ओळखत नसते, पण ती भीती त्या काळापासून चालत आलेली असावी, असं मला वाटतं.

1968 मध्ये केंब्रिजच्या केर्न्स यांनी ट्रॅबेक्युलेक्टमी मांडली. यात भोक उघडं ठेवत नाहीत. डोळ्याच्या पांढऱ्या भागात अर्ध्या जाडीचं झाकण उचलायचं, त्याखाली वाट करायची आणि झाकण टाक्यांनी सैलसर बसवायचं. आजही मोठ्या ऑपरेशनमध्ये याच पद्धतीला मान आहे. वरच्या पापणीखाली पाण्याचा जो लहानसा फुगवटा तयार होतो, त्याला डॉक्टर ब्लेब म्हणतात.

खरी गोम पुढे आहे. इतर ऑपरेशनांत जखम लवकर भरली की सगळे खूश होतात; इथे ती पूर्ण भरली तर वाट बुजते आणि दाब पुन्हा चढतो. म्हणून 1980 च्या दशकापासून मायटोमायसिन-सी वापरात आलं. ऑपरेशन चालू असताना ते काही मिनिटं त्या जागी लावतात आणि भरपूर पाण्यानं धुतात. हे मुळात कॅन्सरवरचं औषध. संमतीपत्रावर सही करताना हा उल्लेख ऐकून कित्येकांचं अवसान गळतं. नेमकं काय आणि कशासाठी लावणार, हे दोन वाक्यांत आधीच सांगितलं तर ते टळेल.

म्हणूनच पहिले काही आठवडे असे जातात: सूज आणि व्रण आवरायला दर दोन-तीन तासांनी स्टेरॉइडचे थेंब, मग ते दोन-तीन महिन्यांत हळूहळू कमी. रात्री डोळ्यावर प्लॅस्टिकची ढाल. वाकणं, वजन उचलणं, डोळा चोळणं बंद. वारंवार तपासणी, कधी लेसरनं एखादा टाका कापून निचरा वाढवायचा. दाब मुद्दाम वरखाली करून बसवला जात असतो, त्यामुळे नजरही रोज वेगळी. रुग्ण मात्र फाइलवरचा दाबाचा आकडा पाठ करतो. 6 आला तर इतका कमी का, 18 आला तर चढला का.

फील्ड टेस्टची, म्हणजे नजर कुठवर पोचते ते पाहणाऱ्या तपासणीची, तर वेगळीच धास्ती. अंधारात हनुवटी टेकवून बसायचं, मिणमिणता ठिपका दिसला की बटण दाबायचं. यातले बरेच ठिपके कुणालाच दिसू नयेत इतके मंद असतात, कारण यंत्र नजरेची सीमा शोधत असतं. हे ठाऊक नसलेला माणूस दर शांत क्षणाला एक तुकडा गमावल्याचा हिशेब मांडत बसतो.

विसाव्या शतकाच्या मध्यात काही डॉक्टर उलटंच सांगत: काचबिंदूचा रुग्ण स्वभावतःच चिंताखोर असतो. दोष रुग्णाच्या माथी मारायची ही सोपी रीत होती. मनाचा आणि दाबाचा संबंध अगदीच नाही असं मात्र नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, औषधं चालू ठेवून तीन आठवडे रोज ध्यान करणाऱ्या रुग्णांचा दाब उतरला आणि तणावाची रक्तातली लक्षणंही घटली. हे रुग्ण ऑपरेशन झालेले नव्हते, पण श्वासावर लक्ष ठेवून शांत बसायला ऑपरेशननंतरही आडकाठी नसते.

आसनांचं तसं नाही. बी. के. एस. अय्यंगारांच्या पुण्यात शीर्षासन करणारे ज्येष्ठ गल्लोगल्ली सापडतात. चेन्नईच्या डॉक्टरांनी 2006 मध्ये मोजून दाखवलं की शीर्षासनात डोळ्याचा दाब साधारण दुप्पट होतो. डोकं खाली जाणारी इतर आसनंही तो वाढवतात. तेव्हा "योगानं सगळं बरं होतं" म्हणणाऱ्या शेजाऱ्याला नमस्कार करावा आणि कुठलं आसन चालेल हे डॉक्टरांना नाव घेऊन विचारावं.

एक भीती मात्र रास्त आहे, आणि ती एलियटच्या काळापासूनची. ब्लेब असलेल्या डोळ्याला जंतुसंसर्गाचा धोका वर्षानुवर्षं राहतो. डोळा लाल झाला, दुखू लागला, चिकट स्राव आला किंवा नजर अचानक मंदावली, तर घरातले जुने थेंब टाकून उद्याची वाट पाहायची नाही. विसर्जनाचा दिवस असो आणि पेठांतले रस्ते बंद असोत, लक्ष्मी रोड पायी ओलांडून पलीकडे रिक्षा करावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.