सार्कॉइडोसिसजन्य दृष्टिचेताविकार

सार्कॉइडोसिस या सर्वांगी दाहरोगात डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला, म्हणजे दृष्टिचेतेला होणारी इजा. या रोगात प्रतिकारशक्तीच्या पेशी फुफ्फुसे, लसीकाग्रंथी, त्वचा, डोळे अशा ठिकाणी जमून बारीक गाठी करतात. सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांत रोग मेंदू व नसांपर्यंत पोचतो. गाठी दृष्टिचेतेत शिरतात, तिच्या आवरणात पसरतात किंवा तिला बाहेरून दाबतात. या नसेत १० लाखांच्या आसपास तंतू असतात आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही.

काही दिवसांत वा आठवड्यांत, बहुधा एकाच डोळ्याची, नजर मंदावते. डोळा दुखेलच असे नाही. रंग मात्र लवकर फिके पडतात : नंदुरबारच्या बाजारातली लालभडक मिरची एकेक डोळा झाकून पाहिली, तर आजारी डोळ्याला विटकरी दिसते. बॅटरीचा झोत चांगल्या डोळ्यावरून आजारी डोळ्यावर नेला, की बाहुली आकसण्याऐवजी मोठी होते. मिनिटभराची ही तपासणी तालुक्याच्या दवाखान्यातही करता येते आणि ती व्हायलाच हवी. मे महिन्यात खानदेशात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा अंधारी उन्हाच्या माथी मारणे सोपे असते. चष्म्याचा नंबर बदलूनही ही नजर सुधारत नाही.

खरी अडचण क्षयरोगाची. दोन्ही रोगांत गाठी होतात, छातीच्या एक्स-रेत ग्रंथी सुजलेल्या दिसतात, खोकला व बारीक ताप असू शकतो. क्षयाच्या गाठीचा मध्यभाग सडतो, सार्कॉइडोसिसचा सहसा सडत नाही. म्हणून शक्य तिथे गाठीचा तुकडा तपासतात, सोबत बेडक्यात क्षयाचे जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी आणि एमआरआय करतात. जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

उपचार स्टेरॉइडचा : बहुधा मिथिलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम शिरेतून ३ ते ५ दिवस, मग प्रेडनिसोलोनच्या गोळ्या महिनोन्‌महिने हळूहळू कमी करत, गरजेप्रमाणे मेथोट्रेक्सेट किंवा इन्फ्लिक्सिमॅब ही प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे. गोळ्या झपाट्याने कमी केल्या तर दाह उलटतो. क्षय न तपासता स्टेरॉइड दिले तर दबलेला क्षय उफाळू शकतो. मधुमेह्याची साखर तर चढतेच.

उलट, सार्कॉइडोसिसला क्षय समजून उपचार सुरू झाले तर दाह तसाच राहतो, शिवाय त्या उपचारातील एथॅम्ब्युटॉल हे औषध काहींच्या दृष्टिचेतेलाच बाधते. हा त्रास बहुधा दोन्ही डोळ्यांना होतो आणि लाल-हिरवा ओळखणे अवघड जाते. क्षयाच्या गोळ्या चालू असताना रंग बदललेले दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे; सगळी औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.