हाय-ऑक्टेन अनलेडेड (बिनशिशाचं) पेट्रोल घेताना, आणि ट्यूनिंगला गाडी आणताना: आमच्या ग्राहकांसाठी

‘तुमच्याकडे सगळ्यात जास्त ऑक्टेनचं कुठलं आहे?’ हा प्रश्न आम्हाला काउंटरवर आणि फोनवर कायम येतो. त्यावर आम्ही उलट गाडीबद्दल विचारायला लागलो की काहींचा चेहरा पडतो. माल विकायचा सोडून ही चौकशी कसली, असं त्यांना वाटतं. म्हणून ती चौकशी का, आणि ट्यूनिंगच्या दिवशी आम्ही टाकीवरून एवढे अडून का बसतो, ते इथे लिहून ठेवलं आहे.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे इंधनातली ताकद नव्हे. ठिणगी पडल्यावर ज्वाला सिलिंडरभर पसरत जाते. ती पोहोचायच्या आधीच कडेचं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपसूक पेटलं, तर त्याला नॉक म्हणतात. इंधन ते किती रोखून धरतं, एवढंच हा आकडा सांगतो. १०२ ऑक्टेनच्या लिटरमध्ये ९५ च्या लिटरपेक्षा जास्त ऊर्जा असेलच असं नाही, कधीकधी थोडी कमीच असते. फायदा होतो तो इंजिनाने त्या सहनशक्तीचा उपयोग केला तर, म्हणजे टायमिंग पुढे घेता आलं (ठिणगी लवकर पाडता आली) किंवा बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवता आला तर. कंपनीतून आलेलं, टर्बो नसलेलं, पंपावरच्या पेट्रोलवर कधीच नॉक न करणारं इंजिन असेल, तर त्यात आमचं महागडं इंधन ओतणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. अशा ग्राहकाला आम्ही कॅन विकत नाही. त्याच पैशांत चांगले ब्रेक पॅड घ्या म्हणतो.

आता आकड्यांचा घोळ. एकाच इंधनाचे तीन आकडे असतात. रॉन (रिसर्च ऑक्टेन नंबर) आणि मॉन (मोटर ऑक्टेन नंबर) हे दोन्ही, कॉम्प्रेशन बदलता येणाऱ्या एका सिलिंडरच्या चाचणी-इंजिनावर मोजतात. त्यात आयसो-ऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला ० धरतात. रॉनची चाचणी ६०० आरपीएमवर होते. मॉनची ९०० वर होते आणि मिश्रण जवळपास १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून घेतात, म्हणून तो आकडा लहान येतो. तिसरा आकडा दोघांची सरासरी, अमेरिकेत पंपावर तीच लिहितात. तिथलं ९३ म्हणजे साधारण ९८ रॉन. त्यामुळे अमेरिकन व्हिडिओत ‘१०० वर ट्यून केलं’ असं ऐकून तुम्ही १०० रॉन मागितलंत, तर तुमच्या हातात त्याहून बरंच कमी ऑक्टेनचं इंधन पडतं. कॅनवर एकच आकडा ठळक छापलेला असेल तर तो बहुधा रॉन असतो, कारण तोच सगळ्यात मोठा दिसतो. आमच्या लेबलवर रॉन आणि मॉन दोन्ही असतात. दुसरीकडून घेत असाल तरी दोन्ही विचारा. आजच्या डायरेक्ट-इंजेक्शन टर्बो इंजिनांत रॉन जास्त बोलतो. जुन्या, गरम चालणाऱ्या, टर्बो नसलेल्या रेस इंजिनांत मॉनकडे बघावं लागतं.

आम्ही अनलेडेडचे दोन प्रकार ठेवतो. एक साधा हायड्रोकार्बनचा, दुसरा ऑक्सिजनेटेड, म्हणजे इथेनॉल किंवा ईथर घातलेला. दुसरा डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) जास्त ताकद देतो, पण त्याची भूकही जास्त. साध्या पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला फक्त ९. इंधनात ऑक्सिजन जितका जास्त, तितकं इंजेक्टरला जास्त ओतावं लागतं. पंपावरच्या पेट्रोलच्या मॅपवर (इंधन आणि टायमिंगच्या ईसीयूतल्या सेटिंगवर) हे इंधन घातलं, तर हळू चालवताना ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, धुरातल्या ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने निभावून नेतं. अनेक गाड्यांत फुल थ्रॉटलला ही मदत बंद असते, आणि नेमकं तिथे मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. इंजेक्टर आधीच पुरे उघडत असतील तर मॅप बदलूनही भागत नाही, इंधनाचा पंप आणि इंजेक्टर मोठे लागतात. म्हणून आधी कॉम्प्रेशन, बूस्ट, इंजेक्टर आणि मॅप कुठल्या इंधनावर झाला आहे, हे विचारतो.

(जाता जाता: धुरावरून मिश्रण सांगणारा वाइडबँड मीटर मोजतो लॅम्डा, म्हणजे पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे ते, आणि दाखवतो पेट्रोलच्या हिशेबाने. इंधन कुठलंही असो, लॅम्डा १ ला तो १४.७ च म्हणणार. ऑक्सिजनेटेड घातल्यावर ‘मीटर बरोबर दाखवत नाही’ असे फोन येतात. मीटर लॅम्डावर ठेवा, डोकेदुखी जाईल.)

टाकी

आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट हीच. ग्राहक येतो, रेसिंग इंधनावर मॅप हवा म्हणतो. टाकीत काय आहे विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘थोडंसं पंपाचं असेल, दिवा लागला होता, त्यावर तुमचे दोन कॅन ओतले.’

दिवा लागला म्हणजे टाकी रिकामी झाली नाही. रिझर्व्हमध्ये काही लिटर उरतातच. रिअर-व्हील आणि ऑल-व्हील ड्राइव्हच्या अनेक गाड्यांत तर टाकी घोड्यावरच्या खोगिरासारखी शाफ्टच्या दोन्ही बाजूंना उतरलेली असते. पंप एका बाजूला असतो आणि दुसऱ्या बाजूचं इंधन जेट पंपाने इकडे ओढलं जातं. एका बाजूने उपसून टाकी कोरडी समजणारे दुसऱ्या बाजूचं विसरतात. पुढे गाडी डायनोवर पळू लागली की तेच जुनं पेट्रोल ओढलं जाऊन मिसळत राहतं. पहिल्या रनला आणि पाचव्या रनला इंधन वेगळं असतं, आणि आम्ही कुठल्या इंधनाचं टायमिंग लावतोय हे आम्हालाच कळत नाही.

हिशेब सोपा आहे. २० लिटर ९५ रॉनवर २० लिटर १०२ ओतलं की टाकीत १०२ होत नाही, ९८ ते ९९ च्या आसपास होतं. साध्या हायड्रोकार्बन इंधनांत ही सरासरी बऱ्यापैकी खरी उतरते, इथेनॉल आलं की तीही नीट लागत नाही. त्या मिश्रणावर केलेला मॅप पुढच्या वेळी शुद्ध १०२ वर चालवलात तर हातचे हॉर्सपॉवर सोडले. उलट शुद्ध १०२ वर मॅप केला आणि ट्रॅकवर जायच्या आदल्या रात्री ‘अर्धी टाकी पंपाचं चालेल’ म्हणून भरलंत, तर इंजिन धोक्यात.

‘नॉक सेन्सर आहे ना, तो सांभाळेल.’ काही प्रमाणात सांभाळतो. तो ब्लॉकला बोल्टने घट्ट बसवलेला असतो आणि नॉकच्या ठरावीक सुराकडे कान लावून असतो. ८६ मिलिमीटर बोअरला तो सूर साडेसहा किलोहर्ट्झच्या जवळपास येतो. नॉक ऐकू आला की ईसीयू टायमिंग मागे घेतं. पण आधी नॉक होतो, मग टायमिंग मागे जातं. त्यातून मॅप करताना कुणी सेन्सरची संवेदनशीलता कमी करून ठेवली असेल, तर तोही आधार उरत नाही.

नॉक झालेल्या गाडीचा स्पार्क प्लग काढून भिंगाखाली धरा. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड उडाल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसतात, त्यांत मधूनच चमकणारे रुपेरी कण. ते कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असतात. आम्ही काउंटरवर असे काही प्लग ठेवले आहेत, आलात की बघा.

म्हणून आमचा नियम: मॅपिंगच्या आधी टाकी दोन्ही बाजूंनी उपसायची, ठरलेल्या इंधनाने लाइन आणि रेल (इंजेक्टरना इंधन पुरवणारी नळी) धुवून घ्यायची, मग गाडी डायनोवर चढवायची. उपसण्याचं काम आमच्याकडे केलंत तर त्याची मजुरी वेगळी लागते. यावर कुरबूर होते, पण त्यात अर्धा दिवस जातो आणि तेवढा वेळ डायनो रिकामा पडतो. टाकी जमेल तितकी खाली करून, दुसरं काहीही न ओतता आणलीत तर काम बरंच लवकर उरकतं. सीलबंद कॅन डिकीत नीट बांधून, उभे आणा. ओतायचं काम आमच्यासमोर होऊ द्या.

शिसं, विमानाचं पेट्रोल, बाटल्या

थॉमस मिजली यांनी १९२१ साली जनरल मोटर्समध्ये नॉकवर शिशाचा उतारा शोधला आणि दीर्घकाळ तोच सगळ्यात स्वस्त उपाय होता. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जेरिया, तिथे ते २०२१ मध्ये थांबलं. शिसं धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि लॅम्डा सेन्सर दोन्ही निकामी करतं, म्हणून आम्ही ते ठेवत नाही. विमानाचं १०० एलएल पेट्रोल कुठून मिळतंय म्हणून घेऊ नका. त्यात लिटरमागे अर्ध्या ग्रॅमहून जास्त शिसं असू शकतं.

ऑक्टेन वाढवण्याच्या बाटल्यांवर ‘५ पॉइंट’ लिहिलेलं असेल तर अनेकदा तो अर्धा ऑक्टेन असतो. मँगनीज किंवा लोखंडाचं संयुग असलेल्या बाटल्यांनी प्लगवर तांबूस थर चढतो. आम्ही त्या विकत नाही.

साठवण

इंधन घट्ट झाकणाच्या मूळ धातूच्या कॅनमध्ये, सावलीत, थंड जागी ठेवा. झाकण सैल राहिलं की हलके घटक आधी उडतात आणि थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं. ऑक्सिजनेटेड इंधन हवेतली ओल ओढतं, त्यामुळे उघडलेला कॅन लवकर संपवा आणि ते टाकीत महिनोन्‌महिने पडू देऊ नका. पाण्याच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये आम्ही इंधन भरून देत नाही, कितीही ओळख असली तरी.

उघडलेला कॅन परत घेत नाही, सीलबंद असेल तर बदलून देतो. पहिल्यांदा घेत असाल तर इंजिनाचा तपशील आणि आधीच्या मॅपचा लॉग सोबत आणा, आणि किती लिटर लागेल ते आमच्याकडूनच काढून घ्या. बहुतेक जण गरजेपेक्षा जास्त मागतात.