रेषीय घर्षण वेल्डिंग
जेट इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधील पाती चकतीला घासून आणि दाबून, धातू न वितळवता एकसंध जोडण्याची पद्धत. अशा एकसंध घटकाला ब्लिस्क म्हणतात. सातारा जिल्ह्यात टर्बाइनचे पाते म्हटले की चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावरील पवनचक्क्या नजरेसमोर येतात. त्यांची पाती काचतंतूंची आणि बोल्टने आवळलेली असल्याने त्यांचा या पद्धतीशी संबंध नाही.

पारंपरिक रचनेत प्रत्येक पात्याचे मूळ चकतीच्या कडेवर कोरलेल्या खाचेत बसवतात. त्यासाठी कड जाड ठेवावी लागते, वजन वाढते आणि खाचेपाशी भेगा पडण्याची भीती राहते. पाती व चकती एकाच तुकड्यात असणे सांगली जिल्ह्याला नवे नाही: १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी ज्या अपकेंद्री पंपांसाठी ओळखली जाते, त्यांचा इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारे फिरते चाक, पात्यांसह एकत्रच ओततात. मात्र जेट इंजिनाच्या वेगवान चकतीवरचा ताण पेलायला टायटॅनियमसारखा घडीव धातू लागतो. अखंड ठोकळ्यातून ब्लिस्क कोरता येते, पण पाती लांब असली की या महागड्या धातूचा फार मोठा भाग कीस होऊन जातो.

लेथवर काम करणाऱ्याला फिरते घर्षण वेल्डिंग चटकन समजते, कारण त्यात लेथच्या चकमध्ये (पकडीत) धरल्यासारखा एक गोल भाग फिरतो. पाते गोल नसल्याने ते फिरवून चालत नाही. म्हणून चकती घट्ट पकडून तिच्या कडेवर राखलेल्या उंचवट्यावर पाते दाबतात आणि सेकंदाला साधारण २५ ते १०० वेळा, जेमतेम काही मिलिमीटर, मागे-पुढे हलवतात. संपर्कपृष्ठ तापून मऊ होते आणि मऊ धातू पृष्ठावरील ऑक्साइड व मळ सोबत घेऊन, वळ्या पडलेल्या पातळ पापुद्र्याच्या रूपाने कडेने बाहेर पडतो. सांधा स्वच्छ होतो तो यामुळेच; भरणधातू लागत नाही. खरी कसोटी शेवटच्या क्षणी असते: हालचाल थांबताना पाते नेमके आपल्या जागी यावे लागते आणि तिथेच दाबून धरून सांधा पक्का करतात. हे सारे काही सेकंदांत उरकते. नंतर पापुद्रा यंत्रावर कापून काढून, उष्णतोपचाराने अंतर्गत ताण घालवतात.

युरोफायटर विमानाच्या ईजे२०० इंजिनात आणि एफ-३५बी लढाऊ विमानाच्या लिफ्ट फॅनमध्ये (त्याला उभे उचलून धरणाऱ्या पंख्यात) अशा ब्लिस्क आहेत. खाचेतील घर्षणामुळे होणारे कंपनांचे शमन मात्र एकसंध रचनेत मिळत नाही, त्यामुळे पात्यांच्या कंपनांचा हिशेब आराखड्यातच काटेकोर करावा लागतो. इंजिनाच्या तप्त टर्बाइन भागात निकेल मिश्रधातूंची पाती एकेक करून बदलावी लागत असल्याने तिथे खाचांचीच रचना प्रामुख्याने वापरतात.