वाऱ्याचा आकडा चुकतो तेव्हा: हवावेगाचा दोष की होकायंत्राचा?

सरळ उड्डाणात ग्लायडरचा (इंजिनाविना उडणाऱ्या विमानाचा) फ्लाइट कॉम्प्युटर वारा थेट मोजत नाही. जीपीएसवरून मिळालेल्या जमिनीसापेक्ष वेगातून तो हवेसापेक्ष वेग दिशेसह वजा करतो आणि जे उरते त्याला वारा म्हणतो. या वजाबाकीसाठी हवावेग पिटो (समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी) आणि स्टॅटिक (भोवतालच्या हवेचा दाब घेणारी) नळ्यांकडून, तर नाकाची दिशा चुंबकीय होकायंत्राकडून येते. दोहोंपैकी कोणीही चुकले तरी पडद्यावर दिसतो तो फक्त चुकीचा वारा. त्यामुळे गळकी नळी तशीच राहते आणि वैमानिक होकायंत्राचे कॅलिब्रेशन पुनःपुन्हा करत बसतो.

हवावेगाचा दोष नाकाच्या रेषेत उमटतो. कॉम्प्युटरला हवावेग खऱ्यापेक्षा कमी कळला, तर उरलेला वेग तो पाठच्या वाऱ्याच्या खात्यात टाकतो; जास्त कळला, तर समोरचा वारा दिसतो. पहिला प्रकार अधिक घातक मानावा, कारण त्यामुळे फायनल ग्लाइडचे, म्हणजे उरलेल्या उंचीवर मुक्कामापर्यंत तरंगत पोहोचण्याचे, गणित आशावादी होते. पिटोच्या नळीची गळती, तिच्यात साचलेले पाणी किंवा कॉकपिटमधल्या दाबावर जोडलेली स्टॅटिक नळी ही नेहमीची कारणे आहेत. उंचीची दुरुस्तीही तपासावी: हवा विरळ असल्याने 3000 मीटरवर काट्यावर 150 किमी/तास दिसत असताना खरा हवावेग सुमारे 174 असतो, आणि ही दुरुस्ती होत नसेल तर शांत हवेतही 24 किमी/तासांचा पाठचा वारा निर्माण होतो. तापमानाच्या संवेदकाची चूक त्या मानाने किरकोळ आहे. 10 अंशांचा फरक खऱ्या हवावेगात दोन टक्क्यांहूनही कमी फरक पाडतो.

होकायंत्राचा दोष मात्र आडवा उमटतो आणि अनपेक्षितपणे मोठा असतो. 180 किमी/तास वेगाने जाताना दिशा केवळ 5 अंशांनी चुकली, तरी जवळजवळ 16 किमी/तासांचा आडवा वारा दिसू लागतो. दिशा उजवीकडे जास्त दाखवली जात असेल तर हा खोटा वारा उजवीकडून येतो. स्पीकरचे चुंबक, लोखंडी भाग, वीजप्रवाहाच्या तारा आणि होकायंत्राशेजारी ठेवलेला मोबाइल यांच्यावर आधी नजर टाकावी. कॅनॉपीवरचा (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावरचा) लोकरीचा धागा मध्यावर नसेल, म्हणजे ग्लायडर घसरत उडत असेल, तर होकायंत्र निर्दोष असूनही हेच लक्षण दिसते.

दोष ओळखण्याची युक्ती अशी, की खरा वारा ग्लायडर वळल्याने बदलत नाही, दोष मात्र नाकाबरोबर वळतो. शांत सकाळी, एकाच उंचीवर आणि एकाच वेगाने, धागा मध्यावर ठेवून, उत्तरेकडे काही मिनिटे आणि लगेच दक्षिणेकडे तितकेच उडावे. दोन्ही फेऱ्यांत वाऱ्याचा आडवा (पूर्व-पश्चिम) भाग तोच राहिला, पण नाकाच्या रेषेतला (उत्तर-दक्षिण) भाग बदलला, तर नळ्या तपासाव्यात. उलट घडले तर होकायंत्र. स्थिर दोष असल्यास दोन्ही वाऱ्यांची सदिश (दिशेसह काढलेली) सरासरी खऱ्या वाऱ्याच्या जवळ येते. होकायंत्राचे विचलन दिशेनुसार बदलत असल्याने पूर्व-पश्चिम जोडीही उडावी, नाहीतर उत्तरेला लपलेली चूक पूर्वेला डोके वर काढते.

थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, घिरट्या घालताना काढलेला वारा येथे पंचाचे काम करतो, कारण त्याला या दोहोंपैकी कशाचीच गरज नसते: एका वर्तुळातल्या कमाल आणि किमान भूवेगाच्या फरकाचा निम्मा म्हणजे वाऱ्याचा वेग, आणि कमाल भूवेग ज्या दिशेने जाताना मिळतो तिकडे वारा वाहत असतो. अट एवढीच, की वर्तुळभर हवावेग सारखा ठेवावा. एक्ससीसोअरसारख्या फ्लाइट कॉम्प्युटरच्या प्रणालीत हा मार्ग वेगळा निवडता येतो, त्यामुळे पडताळणीच्या वेळी सरळ उड्डाणातला मार्ग बंद ठेवावा. घिरट्या संपल्यानंतर मात्र तो आकडा त्या उंचीचा आणि त्या वेळेचाच राहतो. हजार मीटर खाली आल्यावर सरळ उड्डाणातला वारा त्याच्याशी जुळला नाही, तर तो फरक खऱ्या वाऱ्याचाही असू शकतो.