दुर्मीळ व्हॅक्यूम क्लीनर : संग्रह आणि पुनरुज्जीवन

उत्पादन बंद झालेले जुने व्हॅक्यूम क्लीनर शोधून जमवणे आणि ते पुन्हा चालते करणे हा यंत्रसंग्रहातला एक छोटा पण चिवट छंद आहे. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये तो अधिक रुजला. अमेरिकेत अशा संग्राहकांचा स्वतंत्र क्लबही आहे. घड्याळ, कॅमेरा किंवा रेडिओ बंद पडला तरी माणसे तो कपाटात ठेवून देतात. केर काढणाऱ्या यंत्राच्या वाट्याला हा मान येत नाही. ते बिघडले की केराबरोबरच घराबाहेर जाते. त्यामुळे भरपूर खपलेल्या मॉडेलचेही धड नमुने मोजकेच उरतात. मात्र जितके जुने तितके दुर्मीळ, असा हिशेब इथे चालत नाही. १९३०च्या दशकातले लोकप्रिय यंत्र थोड्या खटपटीने आजही मिळते. उलट अल्पायुषी कंपनीचे त्यानंतरचे एखादे यंत्र वर्षानुवर्षे दृष्टीस पडत नाही. तेव्हा जे खपले नाही, त्याच्यावरच आज संग्राहकांचा डोळा असतो.

या यंत्राचा इतिहास दोन वाटांनी गेला आणि संग्रहाचे स्वरूपही त्यावरून ठरले. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने १९०१ मध्ये हवा शोषून धूळ काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याआधी त्याने उपाहारगृहातल्या खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढली होती आणि रुमालाच्या खालच्या बाजूला उमटलेला काळा डाग पाहून आपली कल्पना पक्की केली होती. त्याचे यंत्र घोडागाडीवरून येई, रस्त्यावर उभे राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडल्या जात. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबेमधले गालिचे याच पद्धतीने साफ झाले. अशी अवजड यंत्रे ठेवायला संग्रहालयेच हवीत. दुसरी वाट अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली. कँटन गावी एका मोठ्या दुकानात झाडलोट करणाऱ्या जेम्स मरे स्पँगलरला दम्याचा त्रास होता. पंख्याची मोटर, साबणाचे खोके, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा जोडून त्याने एका माणसाला घरात फिरवता येईल असे यंत्र केले. १९०८ मध्ये त्याचे हक्क चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या विल्यम हूव्हरकडे गेले आणि त्याच वर्षी ‘मॉडेल ओ’ बाजारात आले. घरगुती संग्रहात दिसणारी बहुतेक उभी यंत्रे याच घराण्यातली.

वीज नसलेल्या घरांसाठी हाताने चालवायची यंत्रेही निघाली. १९१०च्या आसपासच्या ‘बेबी डेझी’ला दोन माणसे लागत, एक भाता हलवायला आणि दुसरा नळी फिरवायला. या यंत्रांचे लाकूड टिकते, पण भात्याचे चामडे वाळून तडकते. चामडे नवे घातले तर यंत्र हवा ओढते, न घातले तर अस्सल राहते. यावर संग्राहकांचे अजून एकमत नाही.

दोन महायुद्धांमधल्या काळातल्या यंत्रांना सर्वाधिक मागणी आहे. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने १९२१ मध्ये घसरत्या पट्ट्यांवर बसवलेले आडवे ‘मॉडेल ५’ आणले. १९२६ च्या हूव्हर ७०० मध्ये फिरत्या रुळावर गालिच्याला ठोके देणाऱ्या धातूच्या पट्ट्या आल्या. १९३६ चे हूव्हर १५० हेन्री ड्रायफस या रचनाकाराने बेकेलाइट या जुन्या कडक प्लॅस्टिकच्या आवरणात बसवले, तर १९३७ चे इलेक्ट्रोलक्स ३० लुरेल गिल्ड या रचनाकाराने आगगाडीच्या इंजिनासारखे निमुळते घडवले. ते आज काही कलासंग्रहालयांतही आहे. १९५०च्या दशकातले गोलाकार हूव्हर कॉन्स्टलेशन तर आपल्याच बाहेर फेकलेल्या हवेवर जमिनीपासून किंचित उचलले जाऊन तरंगते. दिसायला ते भारी आहे, पण जाड गालिच्यावर ही करामत फारशी चालत नाही.

यंत्र मिळाले तरी ते पूर्ण मिळेलच असे नाही. सर्वांत आधी नाहीशी होते ती कापडी पिशवी. ती कुजते, उंदीर कुरतडतात किंवा कोणी तरी धुवायला टाकते आणि तिच्यावर छापलेले नाव उडते. त्यानंतर क्रम लागतो फटींत जाणाऱ्या चपट्या तोटीचा, पडदे झाडायच्या ब्रशचा आणि ही सगळी जोडसाधने ठेवायच्या पेटीचा. इलेक्ट्रोलक्स, कर्बी यांसारख्या कंपन्यांचे विक्रेते दारोदारी फिरत. त्यामुळे प्रात्यक्षिकाचे सामान, माहितीपत्रके आणि हमीपत्रेही संग्रहात मोलाची ठरतात. शिसेयुक्त रंगाची पूड त्या काळच्या घरांत सर्रास असे, म्हणून जुनी भरलेली पिशवी मास्क लावून आणि घराबाहेरच उघडतात.

पुनरुज्जीवनाचा पहिला नियम म्हणजे सापडलेले यंत्र प्लगला लावून पाहायचे नाही. जुन्या वायरीवरचे रबर कडक होऊन भुगा झालेले असते आणि वरचे सुती वेष्टन शाबूत असल्यामुळे ते कळत नाही. बॉडी धातूची, वायर दोनच तारांची आणि अर्थिंग नाही, अशी अनेक यंत्रे आहेत. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून बसवलेला कपॅसिटर जुना होऊन गळू लागला तर बॉडीला हात लावताच झिणझिण्या येतात. म्हणून आधी मेगर या उपकरणाने इन्सुलेशन (विजेची गळती रोखणारे वेष्टन) तपासतात, मग मोटर सिरीज बल्बवर, म्हणजे वाटेत बल्ब जोडून, किंवा कमी वीजदाबावर चालवून पाहतात. नामपट्टीवरचा व्होल्टेजचा आकडा वाचणे तितकेच आवश्यक आहे, कारण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वीजदाब गावागणिक बदलत असे, काही ठिकाणी तर पुरवठा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा, होता. अनेक घरांत दिव्याखेरीज विजेची जोडणी नसे, म्हणून कित्येक जुन्या वायरींच्या टोकाला बल्बच्या होल्डरमध्ये बसणारा प्लग सापडतो. तो काढून फेकू नये. मूळ वायर गुंडाळून बाजूला ठेवावी आणि चालवण्यासाठी वेगळी, सुरक्षित वायर जोडावी.

मोटर उघडताना घाई नडते. पंख्याची चक्ती धरणारा नट पुष्कळदा उलट्या आट्यांचा असतो. सवयीने डावीकडे फिरवून जोर लावला की शाफ्टचे टोक तुटते, आणि तसे दुसरे आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता गाभा, शोधण्यात पुढचे काही महिने जातात. जुन्या उभ्या यंत्रांत धूळ पंख्यातून जाऊन मग पिशवीत पडते. त्यामुळे पाती टाचण्या आणि खड्यांनी टवके उडालेली असतात. एका बाजूचे पाते जास्त झिजले की तोल जातो, यंत्र थरथरते आणि बेअरिंग खाते. आडव्या यंत्रांत मोटर पिशवीच्या पलीकडे असते. तिथे पिशवी एकदा जरी फाटली असेल तरी बारीक धूळ आणि कार्बन यांचा काळा लेप वाइंडिंगवर, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांवर, बसलेला दिसतो. तो ब्रशने आणि कमी दाबाच्या हवेने काढतात, पाण्याने नाही.

खरे कसब लागते ते कॉम्युटेटरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या गाभ्याला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांच्या नळकांड्याला. तांब्याच्या पट्ट्यांवरचा काळेपणा बारीक काचकागदाने काढतात. एमरी (घासायची कठीण भुकटी) वापरत नाहीत, कारण तिचे कण पट्ट्यांमध्ये अडकून राहतात. पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या पातळीवर आला असेल तर तो धारदार पात्याने एकेका खाचेतून खरवडून किंचित खाली घ्यावा लागतो. कॉम्युटेटरला टेकून वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, म्हणजे कार्बन ब्रश, नवे असताना सरळ टोकाचे येतात. कॉम्युटेटरवर काचकागद गुंडाळून त्यांना त्याच्याच गोलाईचा आकार देतात. एवढे करूनही सभोवार ठिणग्यांचे कडे दिसले तर वाइंडिंग आतून शॉर्ट झालेले असण्याचा संभव असतो. मग मोटर रिवाइंड करण्याला पर्याय उरत नाही. काम जमले की आवाज बदलतो. मुरलेले संग्राहक मोटरच्या घरघरीवरून मॉडेल ओळखतात आणि अनेकांना या छंदाची गोडी लहानपणी त्या आवाजानेच लागलेली असते.

बाह्यांगाबाबत मतभेद तीव्र आहेत. ॲल्युमिनियम घासून आरशासारखे करणे सोपे आणि मोहाचे आहे. छायाचित्रात ते उठूनही दिसते. पण कारखान्यातून ज्याला मंद चमक दिली होती त्याला आरसा बनवणे म्हणजे पुनरुज्जीवन नव्हे, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. बेकेलाइटला तर काचकागद लावूच नये. वरचा राळेचा पातळ थर गेला की आतला लाकडाचा भुसा उघडा पडतो आणि चकाकी कायमची जाते. जस्ताच्या मिश्रधातूचे काही जुने ओतीव भाग त्यातल्या अशुद्धतेमुळे आपोआप फुगतात आणि तडकतात. त्यावर इलाज नाही, नवा भाग ओतून घेणे एवढेच हाती राहते.

या तुलनेत नव्या पिढीची यंत्रे जपणे कठीण ठरते आहे. ब्रिटिश संशोधक जेम्स डायसनचे गुलाबी ‘जी-फोर्स’ १९८६ मध्ये जपानात आले आणि ‘डीसी०१’ १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये. दोन्ही आता संग्राहकांच्या यादीत आहेत. पण त्यांचे प्लॅस्टिक उन्हाने पिवळे पडते, खटके मोडतात आणि मोडलेला खटका डाग देऊन किंवा ओतून जोडता येत नाही. त्रिमितीय छपाईने काही भाग पुन्हा बनवता येतात. त्यांचा पोत मात्र मूळ भागासारखा नसतो, म्हणून जाणकार संग्राहक असा भाग आतल्या बाजूने खूण करून बसवतात आणि तुटलेला मूळ तुकडा चिठ्ठी लावून यंत्रासोबतच ठेवतात.