गिम्पमध्ये प्लग-इन बसवणं किचकट का राहिलं?

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५मध्ये गिम्प हे चित्रं आणि फोटो सुधारण्याचं मोफत सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि १९९६च्या सुरुवातीला ते सर्वांसाठी खुलं केलं. प्लग-इनची, म्हणजे नवी सुविधा देणारा जोड-प्रोग्रॅम बसवण्याची, सोय अगदी तेव्हापासूनची. प्रत्येक प्लग-इन वेगळी प्रोसेस, म्हणजे गिम्पहून स्वतंत्र प्रोग्रॅम, म्हणून चालतं, त्यामुळे एखादं कोलमडलं तरी उघडलेलं चित्र सहसा शाबूत राहतं. ही रचना आजही टिकून आहे आणि ती खरोखर चांगली आहे. मात्र प्लग-इन बसवणारा माणूस युनिक्स प्रणालीवर वावरणारा, सी भाषेतला कोड स्वतः कंपाइल करणारा (त्याचा चालता प्रोग्रॅम बनवणारा) असणार, हे त्यात गृहीत होतं. गिम्पटूल ही आज्ञाही त्याच्याचसाठी होती: कोडची फाइल द्यायची, ती कंपाइल होऊन योग्य फोल्डरमध्ये जाऊन बसते. विंडोजवर घरचे फोटो सुधारणाऱ्याकडे कंपायलर कुठून असणार?

प्लग-इन लिहायला स्क्रिप्ट-फू आणि नंतर पायथन या स्क्रिप्ट भाषा आल्यावर कंपाइल करणं टळलं, फाइल हलवणं काही टळलं नाही. स्क्रिप्ट-फूची फाइल ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमध्ये, पायथनची ‘प्लग-इन्स’मध्ये. लिनक्सवर पायथनच्या फाइलला ‘एक्झिक्यूटेबल’ परवानगी दिली नाही, तर मेन्यूत ती दिसतच नाही. काय चुकलं हे मेन्यू सांगत नाही, आणि नवखा माणूस इथेच नाद सोडतो. ३.० आवृत्तीत आणखी एक अट आली: प्लग-इन त्याच्याच नावाच्या उपफोल्डरमध्ये हवं.

शोधायचं कुठे, हा प्रश्न बरीच वर्षं गिम्पच्या अधिकृत प्लग-इन रजिस्ट्रीने, म्हणजे प्लग-इन्स एकत्र ठेवणाऱ्या संकेतस्थळाने, सोडवला होता. ती बंद झाली, हे मला सगळ्यात मोठं नुकसान वाटतं. जुन्या नोंदींची प्रत स्वयंसेवकांनी जपली, हे त्यांचे उपकारच; पण नवं प्लग-इन आणून ठेवायची सामाईक जागा गेली. पाठोपाठ १ जानेवारी २०२० रोजी गिम्पची प्लग-इन्स ज्यावर चालत त्या पायथन २चा आधार संपला. उबुंटू या लिनक्सच्या २०.०४ आवृत्तीने गिम्पचं पायथन पॅकेजच वगळलं आणि चालती प्लग-इन्स अनेकांच्या मेन्यूतून गायब झाली. फ्लॅटपॅक या लिनक्सवरच्या पॅकेज-पद्धतीने गिम्प घेणाऱ्यांना थोडा दिलासा होता, कारण रीसिंथेसायझर, जीमिकसारखी काही प्लग-इन्स तिथे तयार पॅकेज म्हणून मिळत.

यावर उपाय म्हणून गिम्पच्या विकासकांनी ‘एक्स्टेंशन’ची कल्पना पुढे आणली. प्लग-इन, ब्रश, पॅटर्न असं सगळं एका झिप स्वरूपाच्या ‘.जीईएक्स’ फाइलमध्ये, सोबत नाव, आवृत्ती आणि लेखकाची माहिती. फाइल कुठे ठेवायची ते गिम्पच बघणार. मार्च २०२५मध्ये ३.० आलं, पण गिम्पच्या आतूनच एक्स्टेंशन शोधून बसवता येतील असं ऑनलाइन भांडार त्यासोबत आलं नाही. शिवाय आधीच्या २.१० आवृत्तीसाठी लिहिलेली पायथन प्लग-इन्स ३.०वर तशीच चालत नाहीत. लेखकांना आधी ती नव्याने लिहावी लागतात, एक्स्टेंशनमध्ये बांधणं त्यानंतरचं.